आधी नमुना, मग गोळी

आत्या दुसऱ्याच्या पाण्याच्या बाटलीत बोट घालून बघायची. परवानगी न घेता. बोट आतून एकदा फिरवायची, अंगठ्यावर चोळायची आणि मग बाटलीच्या मालकाकडे बघायची.

घरातली फुलदाणी ती रोज घासायची. फुलं क्वचितच असत.

चहा ओतताना कप हातात धरायची नाही. कप टेबलावर, किटली वर, मधे एकच सरळ धार. थेंब सांडत नसे.

बातम्या उभ्याने ऐकायची. कुणी बस म्हटलं की म्हणायची, "बसल्यावर बातम्या बदलणार आहेत का?"

जिना चढून वर आली की डाव्या गुडघ्यावर टिचकी मारायची.

तिच्या बोटांची टोकं तांबूस असत. हातमोजे घालूनही. मोजे काढतानाच रंग लागतो, असं तिचं म्हणणं.

आणि आजारी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. "गोळी घेतलीस का? घेतलीस ना? मग आता तपासणीत काय सापडणार, कपाळ? आधी नमुना, मग गोळी."

वरच्या खोलीतल्या भाडेकरू मुलीला हे सगळं पाठ झालं होतं. ही मुलगी साहित्य शिकून आली होती आणि छापखान्यातली मुद्रितं घरी आणून तपासायची. आत्याने तिचं नाव कादंबरी ठेवलं. सुरुवातीला कादंबरी तिला अहो-जाहो करायची. आत्या म्हणाली, "मी काय तुझी सासू आहे? तू म्हण, नाहीतर खोली सोड." मग ती तू म्हणायला लागली. आत्या तरी तिची कुठे होती. भावाच्या मुलीने मारलेली हाक. ती मुलगी शिकायला दूर गेली, हाक मागे राहिली. प्रयोगशाळेतही सगळे आत्याच म्हणत.

तरुणपणी आत्या इस्पितळातल्या तपासणीच्या खोलीत होती. रक्त, लघवी, थुंकी. नंतर एका संशोधनाच्या प्रयोगशाळेत लागली आणि तिथे एकाच जंतूच्या मागे पडली. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो तो. तिथे गुण्यागोविंदाने राहतो. जागा बदलली की त्याच्या अंगात येतं.

एकदा तिने कादंबरीला प्रयोगशाळा दाखवली. दोन काचेच्या थाळ्या समोर ठेवल्या. दोन्हींत तांबूस रंगाचा घट्ट खरवसासारखा थर, त्यावर जंतूंचे ठिपके. एकीतले फिके, गुळगुळीत, ओलसर. दुसरीतले गडद लाल, कोरडे, चुरगळलेल्या कागदासारखे.

"दोन्ही एकच जंतू," आत्या म्हणाली. "हा धागे काढतो. तो काढत नाही."

"कसले धागे?"

"प्रथिनाचे. जंतू सुटा असला की पाण्याबरोबर वाहून जातो. धागे काढले की चिकटतो. एक चिकटला की दुसरा त्याच्या गळ्यात पडतो. मग वर चिकटा आणि आत वस्ती. औषध येतं, वाहणाऱ्यांना मारतं आणि जातं. आतले बसलेले असतात पाय पसरून. तुझ्या बाटलीत बुळबुळीत लागतं ना, असलाच कुणाचातरी संसार तो."

"मग हा लाल रंग?"

"मी घालते. तो धाग्यांना धरतो. जितके धागे तितका लाल."

आत्याने थाळ्या परत कपाटात ठेवल्या. ते कपाट शरीरापेक्षा थंड ठेवलेलं असायचं. गारव्यात हे जंतू जास्त धागे काढतात, म्हणून. कपाटाचं दार लावता लावता ती म्हणाली, "हाच रंग आईच्या मेंदूला लावला असता तर तिथेही धरला असता."

आत्याची आई शेवटी तिला ओळखत नसे. नर्स समजून तिचे आभार मानायची.

"तिच्या डोक्यात साचले होते ते धागे. अमायलॉइड म्हणतात. ह्यांचे पण अमायलॉइडच. प्रथिन वेगळं, घडी तीच. आईला ते नको होते. ह्यांना हवे असतात." मग लगेच, "चल, तुला भूक लागली असेल."

तिथेच एका डबीत धातूच्या चकत्या होत्या. जंतू धातूवर कसा बसतो ते बघायला. कृत्रिम सांधे ज्याचे करतात तोच धातू. आत्या डबी हलवून म्हणाली, "ही माझ्या गुडघ्याची भावंडं."

तिचा डावा गुडघा बदललेला होता. त्याआधी कितीतरी वर्षं तिने काठीवर काढली. जिना उतरायची तो उलटी, कठड्याला धरून, लहान मूल पलंगावरून उतरतं तशी. ऑपरेशननंतर पाय मोकळा झाला आणि तिच्या पायाला भिंगरी लागली. काही काम नसताना वर यायची, दारात उभी राहायची.

"काय गं आत्या?"

"काही नाही. आले."

आणि परत खाली. थोड्या वेळाने पुन्हा वर. मुद्रितं तपासताना कादंबरीला त्या पावलांचा त्रास व्हायचा. एकदा तिने तसं सांगितलंही. आत्या म्हणाली, "होऊ दे."

मग लघवीला जळजळ सुरू झाली. आत्याने ते कुणाला सांगितलं नाही. पाणी जास्त प्यायला लागली तेव्हा कादंबरीने विचारलं. "ह्या वयात होतं," म्हणाली. खणात जुन्या गोळ्यांची पट्टी होती. तिने चार-दोन घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या पुन्हा खणात टाकल्या.

जळजळ गेली. काही आठवड्यांनी गुडघा आला.

कादंबरी बाहेरून आली तेव्हा आत्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. दोन्ही हात दोन्ही गुडघ्यांवर. आत्या बसलेली आहे, हेच आधी विचित्र वाटलं.

"हात लाव गं. दोन्ही सारखे लागतात ना?"

कादंबरीने हात लावले. "डावा गरम आहे."

"तुझा हात गार आहे."

"मग उजवा गार नको का लागायला? नाही, उलट. थांब, मला बोलता येत नाहीये. डावा गरम आहे, आत्या."

"साहित्य शिकलीस ना, म्हणून," आत्या म्हणाली आणि कठड्याला धरून उठली.

दवाखान्यात जायचं दोन-तीन दिवस पुढे ढकलत राहिली. ह्या आठवड्याच्या थाळ्यांचे फोटो रोज ठरल्या वेळी काढायचे असतात, मधे सोडता येत नाहीत, हे कारण. त्या दिवसांत कादंबरी सकाळी चहाला खाली आली की आत्या मोरीपाशी पाठमोरी असायची. एक गोळी, एक घोट. रिकामा कागद भाजीच्या सालांखाली.

"काय घेतेस?"

"कॅल्शियम."

कादंबरीचं पोटच अक्षरं वाचण्यावर होतं. पट्टीवर काय लिहिलंय ते तिने लांबूनच वाचलं होतं. ते कॅल्शियम नव्हतं. आत्याला तिच्यापेक्षा जास्त कळतं, असं म्हणून ती गप्प बसली.

हाडांची डॉक्टर तरुण होती. आवाज हळू, हात हलके. गुडघा दाबून बघितला आणि म्हणाली, "ह्यातलं पाणी काढून तपासायला पाठवू. कुठलं अँटिबायोटिक चालू आहे? गेल्या काही दिवसांत घेतलंय?"

"नाही," आत्या म्हणाली.

कादंबरीने तिच्याकडे बघितलं. आत्या भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र बघत होती.

बाहेर आल्यावर कादंबरी म्हणाली, "आत्या, तू आत्ता…"

"तू बाहेर थांबायला हवं होतंस," आत्या म्हणाली. "गाडी बघ."

रिपोर्ट आला. जंतू वाढले नाहीत. सूज आहे, पेशी वाढलेल्या दिसतात, काही दिवस लक्ष ठेवू, ताप आला तर ताबडतोब या. आत्याच्या भावाने चष्म्याच्या दुकानातून फोन केला. तो बोलायचा तेव्हा पलीकडून गिऱ्हाइकंही ऐकत असत.

"बघ ताई. स्वच्छ. उगाच आमच्या जिवाला घोर लावलास."

"तू दुकानाकडे लक्ष दे, बाळ्या," आत्या म्हणाली. बाळ्या पन्नाशी ओलांडलेला होता.

स्वच्छ रिपोर्ट हातात आल्यावर माणूस जरा टेकतं. आत्या टेकली नाही. तिने घरातल्या सगळ्या बाटल्या काढल्या, घासल्या, उपड्या घातल्या. परत सुलट्या केल्या. ओट्यापासून खिडकीपर्यंत जायची, खिडकीत काही नसायचं, परत यायची. पाय ओढत होता. फरशीवर आवाज यायचा, एक पाऊल आणि एक फरफट. कादंबरी वर तो ऐकत बसायची. मुद्रितातली एकच ओळ चारदा वाचायची आणि चुका तशाच सोडून पुढे जायची. आत्या वर येत नव्हती. ह्याच पावलांची तिने तक्रार केली होती.

पट्टी संपली तसा ताप आला.

त्या संध्याकाळी जिन्यात काहीतरी आपटलं. कादंबरी धावत बाहेर आली. आत्या निम्म्या जिन्यावर बसली होती, कठड्याला डोकं लावून. हातातला मोबाइल खालच्या पायरीवर पडला होता.

"तू वर कशाला येत होतीस?"

"काही नाही. येत होते."

कादंबरी तिच्या शेजारी बसली. गुडघा परकरावरूनही भाजत होता.

"आत्या, मला साधी सर्दी झाली तेव्हासुद्धा ऐकवलंस. आधी नमुना, मग गोळी. आणि स्वतःच्या वेळी विसरलीस?"

आत्याने कठड्यावरचं डोकं उचललं.

"विसरले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय. नमुन्यात जंतू निघाला की पुढचं मला पाठ आहे. धातूवर तो थर एकदा बसला की धुऊन निघत नाही. सांधाच काढतात. मग महिनोन्महिने नुसता लोंबता पाय. पुन्हा काठी, पुन्हा तो उलटा जिना. मी म्हटलं, न निघो. आणि निघू नये म्हणून काय करायचं, तेही मला पाठ."

कादंबरीला आधी नीट कळलं नाही. मग कळलं. गोळ्या बरं व्हायला घेतलेल्या नव्हत्या. त्या रिपोर्टसाठी होत्या.

"मग रिपोर्ट आल्यावर तुला खरं वाटलं?"

"एक दिवस वाटलं," आत्या म्हणाली. "खोटं कशाला बोलू, एक दिवस फार बरं वाटलं."

"मी डॉक्टरांना सांगते."

"तू कोण? चोरी माझी आणि कबुली तू देणार? ऊठ, बाळ्याला फोन लाव. गाडी घेऊन ये म्हणावं. त्याला बाकी काही सांगू नकोस. तो दुकानात रडत बसेल आणि गिऱ्हाइकांना उलटे चष्मे देईल."

भाऊ येईपर्यंत आत्या कपडे बदलून ओट्यापाशी उभी होती. कादंबरीने दोनदा हाक मारली. "आले, आले, पाच मिनिटं." आत पाण्याचा आवाज येत होता. भावाने हॉर्न वाजवला. कादंबरी आत जाऊन तिचा दंड धरून तिला घेऊन आली. आत्याचे हात ओले होते.

इस्पितळात भाऊ गाडी लावायला गेला, तेवढ्यात आत्याने डॉक्टरला सगळं सांगितलं. कुठली गोळी, किती, कधीपासून. आवाज सपाट. रोजच्या कामाचा हिशोब द्यावा तसा.

डॉक्टर रागावली नाही. कागदावर लिहून घेत राहिली. मग पेन ठेवून म्हणाली, "तुम्ही प्रयोगशाळेत काम करता ना?"

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

आता उलटं करायचं होतं. गोळी बंद. औषधाविना थांबायचं, म्हणजे लपलेले जंतू नमुन्यात येतील आणि कुठलं औषध त्यांना मारतं ते कळेल. ताप वर गेला तर मात्र थांबायचं नाही. आत्याला इस्पितळात ठेवून घेतलं. रोग वाढण्याची वाट बघत बसायचं, हे कादंबरीच्या डोक्यात शिरत नव्हतं. ती व्हरांड्यात येरझारा घालायची. भाऊ समोरून येरझारा घालत यायचा. मधे भेट झाली की दोघं एकमेकांना "बसा ना" म्हणायचे.

आत्या पलंगावरसुद्धा पडून राहीना. उशी उलटी कर, चादरीचे कोपरे ओढ, सलाइनचे थेंब मोज. शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या बाटलीत तिने बोट घातलं. नर्सने बघितलं.

"आजी, काय करताय?"

"आजी कोण? आणि ही बाटली कुणी घासलीच नाहीये."

"ताई, जरा पड ना गं," भाऊ म्हणाला.

"मी पडले की जंतूंना फावतं."

दुसऱ्या नमुन्यात जंतू आला. आतड्यातलाच. लघवीच्या वाटेने रक्तात, रक्तातून धातूवर. डॉक्टरने सांधा काढायचं ठरवलं आणि औषध सुरू केलं. उपचाराला एवढं पुरेसं होतं. आत्याला पुरेसं नव्हतं. तिने हट्टाने त्यातला थोडा जंतू आपल्या प्रयोगशाळेत पाठवायला लावला. लाल थाळीवर.

"त्याने काय होणार आहे?" भावाने विचारलं.

"काही होणार नाही. मला बघायचंय."

थाळी तयार झाली तेव्हा तिने कादंबरीला पाठवलं. "आमच्या प्रमुख मॅडम गोड बोलतील. तू दिसेल तेवढंच सांग. विशेषणं नकोत."

प्रयोगशाळेच्या मॅडमने थाळी कादंबरीच्या समोर ठेवली आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. गोड काही बोलल्या नाहीत. आत्याची खुर्ची टेबलात सरकवलेली होती. ती नेहमीच सरकवलेली असायची.

कादंबरी परत आली. आत्या उठून बसली.

"रंग?"

"लाल."

"कडेपर्यंत?"

"कडेपर्यंत."

"कोरडा? सुरकुत्या?"

"हो."

आत्याने मान हलवली. क्षणभर तिचा चेहरा प्रयोगशाळेतला झाला.

"कसलेला आहे," ती म्हणाली. "आयुष्यभर बाहेरून आणून वाढवले. सगळ्यांत चांगला घरचा निघाला."

कादंबरीला हसावं की काय ते कळेना. आत्या हसत होती, म्हणून ती हसली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला नेताना चाकांचा पलंग दारात अडकला. तेवढ्यात तिने कादंबरीला जवळ बोलावलं.

"तुझी बाटली भिजत घातलीय ओट्यावर. मी आल्यावर घासेन. तू हात लावू नकोस. तुला कोपरे येत नाहीत."

सांधा निघाला. आत्या शुद्धीवर आली आणि तो बघायला मागितला. तपासायला गेला म्हणून डॉक्टरने सांगितलं. "नीट पाठवला ना? कोरडा नाही ना पाठवला?" असं तिने दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. भावाने घरी जाऊन दाढी केली. कादंबरी पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या बसल्या झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या सुमारास आत्याला थंडी वाजायला लागली. रक्तदाब उतरला. नर्स आल्या, डॉक्टर आली, पडदा ओढला. पडद्याखाली पांढरे बूट इकडून तिकडे धावताना दिसत होते. मग ते थांबले.

"जंतू रक्तात पसरले होते," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली. "आम्ही थोडं आधी…" ती थांबली. तिने कादंबरीकडे बघितलं, मग जमिनीकडे.

त्यानंतरचं कादंबरीला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. भाऊ हातातला चष्मा पुसत होता. चष्मा स्वच्छ होता. तो पुसतच होता.

"पहिला रिपोर्ट तर स्वच्छ होता ना गं?" त्याने विचारलं.

"हो," कादंबरी म्हणाली.

"मग हे मधेच कुठून आलं?"

डॉक्टर नर्सच्या हाकेला आत गेली. त्याने दिवसभरात रिपोर्टचा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, आणि ती पुन्हा पुन्हा हो म्हणत राहिली. रिपोर्ट खरंच स्वच्छ होता.

ती घरी आली. बराच वेळ दारात उभी राहिली. मग आत गेली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. जिना चढली, वरच्या दारापर्यंत, आणि काही काम नसताना खाली उतरली.

ओट्यावर तिची बाटली होती. साबणाचं पाणी गळ्यापर्यंत, फेस केव्हाच बसलेला, लांब दांड्याचा ब्रश आत तसाच उभा. शेजारी कागदावर झाकण. झाकणातली रबरी रिंग अर्धी बाहेर काढलेली होती आणि तिच्याखाली पिन अडकवलेली होती.